परसातला भोपळा, पंपाची बॅटरी आणि भजनाची एकतारी

एरवी मी तुमच्याशी बोलतो ते वाण, खते आणि फवारण्या यांच्याबद्दल. आज विषय थोडा बाजूचा आहे; पण त्याची सुरुवात बियापासूनच होते, म्हणून हक्काने लिहितो आहे. तुमच्या गावातल्या देवळात खुंटीला टांगलेली वीणा एकदा खाली काढून बघा. भोपळ्याला तडा गेलेला असेल, तार गंजलेली असेल, एखादी खुंटी हरवलेली असेल. सप्ताह आला की कोणीतरी ती पुसतो, पहाऱ्याला उभा राहतो आणि सप्ताह उठला की ती परत खुंटीला जाते. वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायची नाही हा आपला नेम आहे. बाकीचे तीनशे अठ्ठावन्न दिवस मात्र तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

गेल्या वर्षी एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. भाजीपाल्याचे बोलणे संपल्यावर एक वयस्कर बाई म्हणाल्या, "साहेब, आमचं बायकांचं भजनी मंडळ हाय. पेटी हाय, टाळ हाईत. पर वीणा मागितली तर गडीमाणसं म्हणत्यात, जुनी हाय, मोडंल. आन् स्पीकरवाला एका रातीचं जे भाडं सांगतो, त्यात आमची म्हयन्याची बचत जाती." मी म्हणालो, "मावशी, परसात एक वेल लावा. पुढच्या आषाढीला तुमची स्वतःची एकतारी असेल." बायका हसल्या. त्यांना वाटले साहेब चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. ते कसे करायचे तेच पुढे सांगतो.

मिरजेची गोष्ट

तंतुवाद्यांचे नाव काढले की आपल्याकडे पहिले गाव मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे सतारी आणि तंबोरे तयार होत आले आहेत. हे काम उभे केले ते शिकलगारांनी. मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा, शस्त्रे घडवण्याचा. संस्थानी लढाया थांबल्या, शस्त्रांची मागणी आटली आणि हातातली हत्यारे तीच ठेवून या घराण्यांनी लाकूड आणि भोपळा हातात घेतला. फरीदसाहेब शिकलगार हे त्यातले आद्य कारागीर मानले जातात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्यही मिरजेला होते, त्यामुळे वाद्य करणारा आणि वाद्य जोखणारा कान एकाच गावात होता. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे नागपूरच्या संत्र्याला जो मान आहे तो आता मिरजेच्या तंबोऱ्यालाही आहे.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. या वाद्यांचे लाकूड कर्नाटकच्या जंगलातून येते, पण भोपळा येतो आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागातून. ज्वारीसाठी नावाजलेला हाच तो मुलूख. गवयाच्या मागे जो तंबोरा घुमतो, त्याचे पोट कोणा तरी शेतकऱ्याच्या रानात वाढलेले असते. हे पीक सगळ्यांनी एकरभर लावावे असे मी मुळीच सांगणार नाही. गिऱ्हाईक ठराविक, माप ठराविक आणि माल वेडावाकडा निघाला तर तो कोणी घेत नाही. विकण्यासाठी लावायचा असेल तर आधी कारागिराला भेटा, किती घेराचा भोपळा लागतो ते विचारा, मगच बी टाका. घरच्या एकतारीसाठी मात्र परसातले दोन वेल पुष्कळ झाले.

वेल कसा लावावा

हा भोपळा म्हणजे आपला भाजीचा लाल भोपळा नव्हे. हा दुध्या भोपळ्याच्याच जातीचा, पण गोल आणि कडू. गोसाव्याच्या हातातला तुंबा तोच. बी ओळखीच्या माणसाकडून किंवा वाद्य कारागिराकडून मिळवावे. बाजारातल्या दुध्याच्या पाकिटातून गोल, जाड सालीचा भोपळा मिळत नाही.

मृग बरसला की जून-जुलैत दोन ओळींत तीन मीटर आणि दोन वेलांत एक मीटर अंतर ठेवून आळी करावीत. आळ्यात दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत घालावे, तीन बिया टोकाव्यात आणि पुढे एकच जोमदार रोप राखावे. युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झाले की वेल नुसता पाल्याने माजतो आणि मादी फुले कमी येतात. पांढरी फुले संध्याकाळी उमलतात व रात्री पतंग त्यावर येतात. फळधारणा होत नसेल तर दिवेलागणीच्या सुमारास नर फूल तोडून मादी फुलाच्या तोंडावर हलके फिरवावे. मादी फूल ओळखणे सोपे आहे, त्याच्या बुडाशी चिमुकला भोपळा असतो. एका वेलावर तीन-चार फळे ठेवावीत, बाकीची लहानपणीच खुडावीत.

सगळ्यात मोठा शत्रू फळमाशी. कोवळ्या फळाला तिने एकदा टोचले की तिथे खड्डा पडतो. भाजीच्या फळाला ते एक वेळ चालते, वाद्याच्या फळाला चालत नाही, कारण पुढे तडा तिथूनच जातो. क्यूल्युअरचे रक्षक सापळे फूल दिसताच टांगा. भुरी रोग दिसला तरी भर उन्हात गंधकाची फवारणी करू नका. वेलवर्गीय पिके गंधकाने करपतात.

फळ मुठीएवढे झाले की त्याखाली वाळलेल्या गवताची गादी द्यावी. भोपळा देठ वर करून सरळ बसवला तर बूड सपाट येते आणि घेर सारखा भरतो. मांडवावर लोंबता ठेवला तर तो लांबट होण्याकडे झुकतो. एकतारीला सुमारे २० ते २५ सें.मी. व्यासाचा, गोल भोपळा हवा. पाऊस सरल्यावर पाणी कमी करा. देठ वाळून तपकिरी होईपर्यंत आणि नख मारले तरी सालीत रुतत नाही तोपर्यंत फळ वेलावरच राहू द्या. घाईने तोडलेला भोपळा वाळताना सुरकुततो. साल मऊ राहिली की आवाज येत नाही.

कडवटपणाबद्दल एक इशारा

इथे थोडे थांबा. हा कडू भोपळा विषारी असतो. त्यात कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये असतात. त्याने उलट्या होतात, रक्त पडते आणि माणूस दगावूही शकतो. औषधी म्हणून कडू दुध्याचा रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत. म्हणून वाद्याचा वेल भाजीच्या वेलापासून दूर लावा आणि पोराबाळांना सांगून ठेवा.

पुष्कळांचा एक गैरसमज असतो, तोही सांगतो. शेजारी कडू वेल असला म्हणून तुमचा यंदाचा दुध्या कडू होत नाही. पण परागकण इकडचे तिकडे झाले असतील तर त्या दुध्याचे बी पुढच्या वर्षी लावल्यावर फळे कडू निघू शकतात. तेव्हा ज्या वर्षी वाद्याचा भोपळा लावाल, त्या वर्षी घरच्या दुध्याचे बी धरू नका. एरवीही दुधी चिरताना कडेची चकती जिभेला लावून बघायची आपल्या आजीबाईंची सवय होती. ती सोडू नका. कडू लागला तर सगळा दुधी उकिरड्यावर, शिजवून कडवटपणा जात नाही.

वाळवणे आणि कापणे

देठाचा दोन-तीन इंच तुकडा ठेवून फळ तोडा आणि वाऱ्याच्या जागी, सावलीत, जमिनीपासून वर टांगा. वाळायला हिवाळाभर वेळ लागतो. वरून काळी-पांढरी बुरशी येईल. घाबरू नका, कोरड्या फडक्याने पुसा. मऊ पडून दुर्गंधी आली तर मात्र फळ सडले, टाकून द्या. होळीच्या सुमारास भोपळा हलवला की आतल्या बिया खुळखुळतात आणि हातात घेतला तर तो अगदी हलका लागतो. मग तो तयार.

आता देठाकडचा सुमारे चौथा हिस्सा आडवा कापायचा आहे, म्हणजे तोंड समोर आले आणि बूड मागे गेले. पेन्सिलीने रेघ मारून हॅकसॉच्या पात्याने सावकाश कापावे. विळा किंवा कुऱ्हाड चालवू नये. तोंडावर ओले फडके बांधायला विसरू नका, कारण वाळलेल्या भोपळ्याची धूळ कडू असते आणि छातीत जाऊन खोकला उठवते. आतला गर आणि बिया काढाव्यात, कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून चमच्याने खरवडावे आणि पुन्हा आठ दिवस सावलीत वाळवावे. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, साधारण ५ मि.मी. राहील असे बघा. टिचकी मारून ऐका. चांगला भोपळा टणक आवाज देतो, कच्चा बद्द वाजतो.

जुन्या वीणेच्या भोपळ्याला तडा गेला असेल तर तो फेकू नका. तड्यात लाकडाचा गोंद भरून आतून धुवट सुती कापडाच्या पट्ट्या गोंदात बुडवून चिकटवा आणि बाहेरून सुतळी आवळून दोन दिवस ठेवा. पत्र्याच्या माळ्यावर किंवा समईच्या जवळ वाद्य टांगल्यानेच हे तडे जातात, हे पुजाऱ्यालाही सांगा.

दांडी, तबली आणि तार

दांडीला मानवेल जातीचा भरीव बांबू घ्या, जून झालेला, तीन वर्षांच्या पुढचा, हिवाळ्यात तोडलेला. लांबी एक मीटर, जाडी ३ सें.मी. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त असते, म्हणून भुंगा लागतो. पंधरा दिवस पाण्यात बुडवून मग दोन महिने सावलीत वाळवला तर पिष्ट बरेच निघून जाते. भोपळ्याच्या तोंडाच्या काठाखाली समोरासमोर दोन भोके पाडून दांडी आरपार न्यायची. खालचे टोक ३ सें.मी. बाहेर राहू द्या, तिथे तार अडकवायची आहे.

तोंडावर पूर्वी बकऱ्याचे कातडे मढवत. कातड्याचा आवाज गोड असतो यात वाद नाही, पण पावसाळ्यात ते ढिले पडते आणि आपली दिंडी निघते ती नेमकी आषाढात. म्हणून मी ३ मि.मी. जाडीच्या चांगल्या प्लायवूडची तबली बसवायला सांगतो. काही जुने भजनी माझ्यावर यासाठी नाराज आहेत. असोत. कडेने गोंद लावून, वरून जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या की तबली एका रात्रीत पक्की बसते.

घोडी शिसवाची किंवा चिंचेच्या वाळलेल्या लाकडाची, दीड सें.मी. उंच. दांडीच्या वरच्या टोकाला खुंटी बसवायची. खुंटी आणि तिचे भोक दोन्ही निमुळते हवे, सरळ भोकात खुंटी कधीच टिकत नाही. खुंटी घसरू लागली तर खडू चोळा.

तार तंबोऱ्याचीच घ्या, पोलादी, सुमारे ०.३ मि.मी. जाडीची. घोडीपासून वरच्या अटीपर्यंत ७५ सें.मी. वाजती लांबी ठेवली तर काळी एकच्या खालच्या सुराला, म्हणजे सेकंदाला सुमारे १३८ कंपनांना, तारेवर साधारण अडीच किलोचा ताण येतो. तोच सूर दुप्पट चढवायचा तर ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो, म्हणजे दहा किलो. तेवढ्याने घरची दांडी वाकते. बायकांच्या मंडळाची पट्टी चढी असते. त्यांनी काळी चार धरली तर सूर दीडपट होतो आणि ताण सव्वादोनपट, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. एवढा ताण ही दांडी सोसते. त्याहून चढे गायचे असेल तर तार ताणत बसू नका, घोडी आणि अटी जवळ आणून लांबी कमी करा.

आणि आता त्यातली गंमत. तार घोडीवर जिथे टेकते तिथे सुताचा एक बारीक धागा सरकवून बघा. एका विशिष्ट जागी तार एकदम बोलू लागते, मधमाश्या गुणगुणाव्यात तशी. हीच जवारी. घोडीची पाठ किंचित गोल ठेवून कानसने घासून ती आणायची असते. कंपणारी तार त्या गोल पाठीवर टेकत-सुटत राहते आणि मूळ सुराबरोबर वरचे कितीतरी सूर जागे करते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला होता. नोबेल पारितोषिक त्यांना त्यानंतर नऊ वर्षांनी मिळाले.

आवाज मोठा कसा करावा

चार माणसांच्या ओसरीवर ही एकतारी तशीच पुरते. देवळात टाळ-मृदंगापुढे मात्र ती ऐकू येत नाही. इथपासून पुढचे काम घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला मोबाइल उघडून बघायची खोड आहे, त्यांच्याकडे द्या. 'नुसत्या उचापती करतो' म्हणून ज्याच्यावर ओरडता, तोच इथे कामाला येईल.

चारएक वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी सप्ताहात पाऊस झाला. मांडव ओला, जमीन ओली. भाड्याचा अँप्लिफायर घरगुती विजेवर चालणारा आणि अर्थिंगची तार नुसती प्लगात लोंबत होती, जमिनीला तिचा संबंध नव्हता. सतरा वर्षांच्या एका मुलाने अनवाणी उभे राहून माइकचा लोखंडी दांडा धरला आणि तो चिकटला. कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून पोर वाचले, तळहात मात्र भाजला. ते पाहिल्यापासून माझे एकच सांगणे आहे: हौसेने घरी जे काही कराल ते बॅटरीवर करा. २३० व्होल्टच्या यंत्राचे झाकण उघडू नका. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचे तर मुळीच नाही. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशे-चारशे व्होल्ट साठून असतात.

बॅटरी कुठली? ती तुमच्या घरात आहे. पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पंप धुऊन, हातमोजे घालून ती बाहेर काढा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. औषधाचा हात वाद्याला आणि मग प्रसादाला लागायला नको.

एकतारीचा आवाज उचलायला पितळी पिझो चकती घ्या, २७ मि.मी. व्यासाची. घड्याळाच्या, खेळण्याच्या बझरमध्ये असते तीच. रेडिओ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ती दहा-वीस रुपयांत मिळते. दाबले किंवा हलवले की या चकतीत वीज तयार होते; हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली शोधला. ती तबलीच्या आतल्या बाजूला, घोडीच्या पायाजवळ बसवायची. म्हणजे हे काम तबली चिकटवण्याआधी आलेच. कायमची चिकटवण्यापूर्वी मेणाने तात्पुरती लावून दोन-तीन जागा करून ऐका. बोटभर इकडेतिकडे झाले तरी आवाज बदलतो. चकतीपासून निघणारी तार जाळीची, म्हणजे शील्ड वायर असावी. जाळी पितळेला आणि आतली तार मधल्या पांढऱ्या भागाला जोडा.

आता जी अडचण नव्या माणसाला हमखास येते ती सांगतो. चकती थेट अँप्लिफायरला जोडली तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. लोक म्हणतात चकती वाईट. चकती वाईट नसते. तिची धारकता २० नॅनोफॅरडच्या आसपास असते आणि अँप्लिफायरच्या तयार पट्टीवरची आवाजाची खुंटी असते बहुधा १० किलोओहमची. या जोडीत ८०० कंपनांच्या खालचे सूर पडू लागतात, आणि आपली काळी एक तर १३८ वर आहे. म्हणजे मूळ सूरच गळून जातो, वरची किणकिण तेवढी राहते. ओढ्याच्या धारेवर मोठा पंप लावल्यासारखे हे आहे, पाणी असते पण पंपाच्या ओढीला पुरत नाही. तेच समोर १ मेगओहम ठेवले तर ही सीमा ८ कंपनांवर येते आणि सगळा सूर पोचतो.

त्यासाठी मध्ये एक छोटी पायरी लागते. बीएफडब्ल्यू १० किंवा ११ हा एफईटी ट्रान्झिस्टर घ्या. त्याच्या गेटला चकतीची आतली तार, आणि गेटपासून ऋण टोकापर्यंत १ मेगओहमचा रझिस्टर. ड्रेन बॅटरीच्या धन टोकाला. सोर्सपासून ऋण टोकापर्यंत ४.७ किलोओहम. सोर्सवरून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आवाज बाहेर काढून अँप्लिफायरला द्या. कपॅसिटरचे धन टोक सोर्सकडे. चौथा पाय धातूच्या टोपीचा असतो, तो ऋण टोकाला जोडा. पाय कुठला कोणता हे दुकानदाराकडून खूण करून घ्या. एवढे सगळे काडेपेटीत मावते.

अँप्लिफायरला टीडीए २००३ या आयसीची तयार पट्टी घ्या. ही आयसी मोटारीतल्या रेडिओसाठी बनवलेली, म्हणून १२ व्होल्टवर आनंदाने चालते. ४ ओहमच्या स्पीकरवर तीन-चार वॅट आवाज मिळतो. देवळाच्या सभामंडपाला तो पुरे, गावजेवणाला नाही. आयसीच्या पाठीला अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळा, नाहीतर ती तापून बंद पडेल. स्पीकर सहा इंची, जुन्या टेपरेकॉर्डरचा चालेल, पण उघडा ठेवू नका. प्लायवूडच्या बंद पेटीत बसवला की त्याच स्पीकरचा आवाज भरदार होतो.

बॅटरीच्या धन टोकालगतच २ अँपिअरचा फ्यूज घाला, यात कंजुषी नको. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण दोन टोके चुकून भिडली तर तार लाल होऊन हात भाजतो. लाल-काळी तार उलटी लागली तर आयसी जळते. पूर्ण आवाजातही हे यंत्र पाऊण अँपिअरच्या आतबाहेर ओढते. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही असे धरले तरी पाच तास भजन होते. व्होल्टमीटर साडेअकरा दाखवू लागला की थांबा. चार्जर लावलेला असताना वाजवू नका, स्वस्त चार्जरमधून मेनची वीज उतरू शकते आणि मग बॅटरी वापरण्याचा हेतूच संपतो.

स्पीकर वाजवणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. मागे ठेवला तर त्याचाच आवाज तबलीवर आदळून शिट्टी सुरू होते.

काडेपेटीतल्या त्या छोट्या पायरीचे परदेशातले भाऊबंद मोठे नामांकित आहेत. गिटार वाजवणारे पायाने दाबायच्या डब्या वापरतात, त्यांना पेडल म्हणतात. अमेरिकेत नॅशव्हिल इथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या एका ध्वनिमुद्रणात यंत्राचा एक भाग बिघडून तार घोगरी, गुणगुणती वाजली. १९६१ साली ती तबकडी बाजारात आली आणि लोकांना तो बिघाडच आवडला. मग १९६२ साली मुद्दाम तसा आवाज काढणारी 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाची डबी विक्रीला आली. आत तीन ट्रान्झिस्टर आणि दोन साधे सेल. तेव्हापासून हौशी मंडळी घरोघरी अशा डब्या जोडतात, एक कपॅसिटर काढून दुसरा घालतात आणि कान देऊन फरक ऐकतात. जे त्यांनी ट्रान्झिस्टरने केले, त्याच जातीचे काम आपले कारागीर सुताच्या धाग्याने करत आले आहेत. तुमच्या मुलालाही असे बदल करू द्या. तो १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.०४७ चा घातला तर हात लागल्याची धडधड कमी होते, पण खर्जही पातळ होतो. दोन्ही ऐकून मंडळाने ठरवावे.

त्या बचत गटाच्या मावशींचे सांगायचे राहिले. त्यांच्या वेलाला सात भोपळे धरले, दोन फळमाशीने नेले, एक वाळताना फुटला. उरलेल्यांपैकी सगळ्यात गोल होता त्याची एकतारी झाली. तबली त्यांच्या नातवाने बसवली, तो आयटीआयला आहे. पहिल्या दिवशी तार तुटली, कारण खुंटी ताकदीने पिळली. दुसऱ्या तारेला सूर लागला. आता गडीमाणसे ती वीणेच्या जोडीला मागतात आणि बायका म्हणतात, "जपून न्या."

तुम्हाला पुढच्या आषाढीपर्यंत करायची असेल तर हिशोब असा: बी जून-जुलैत, तोडणी मार्गशीर्षात, वाळवण होळीपर्यंत, बांबू हिवाळ्यातच तोडून पाण्यात आणि जोडणी उन्हाळ्याच्या सुट्टीत, पोरे घरी असताना. कडू भोपळ्याचे बी चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात ठेवा, दुध्याच्या बियात मिसळू देऊ नका. आणि भजन उठल्यावर झोपण्याआधी बॅटरी चार्जिंगला लावा. सकाळी फवारणीला पंप लागणार आहे.